खुडूक बसणारी कोंबडी हवी आहे: कोणती जात घ्यावी?

रानवाटा

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची आंब्याची बाग आहे, तिथे परसातल्या कोंबड्या पाळतो. कळपात ब्लॅक ऑस्ट्रोलॉप आहेत, थोड्या ग्रामप्रिया आहेत आणि एका मित्राच्या आग्रहाखातर घेतलेल्या चार कडकनाथ. अंड्यांबद्दल तक्रार नाही. पण पिल्लं काढायची म्हटलं तर एकही बया खुडूक व्हायला, म्हणजे अंड्यांवर ठिय्या मारून बसायला, तयार नाही. अंडं घालते, ओरडून वाडी गोळा करते आणि चालू पडते.

अंडी उबवायचं यंत्र घ्यायचं मनात नाही. पावसात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल हे महावितरणही सांगू शकत नाही. तेव्हा अंड्यांवर हमखास बसेल अशी जात कोणती? इथला एक विक्रेता सिल्की घ्या म्हणतोय, पण जोडीची किंमत ऐकून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. असील, ब्रह्मा वगैरे नावंही ऐकतोय. अनुभव असलेल्यांनी सांगा.

देवगडकर

गावठी ती गावठीच. रवणाक (खुडूक) बसली की देव इलो तरी उठाची नाय.

माणदेशी मावशी

रानवाटा, तुमच्या कळपातच उत्तर आहे बघा. तिन्ही जाती न बसणाऱ्याच घेतल्यात तुम्ही.

ग्रामप्रिया आणि तिची बहीण वनराजा या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झाल्या. ग्रामप्रिया अंड्यांसाठी, वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी. वर्षभर अंडी मिळावीत म्हणून ज्यांची निवड झाली त्या कोंबड्या बसणार कशाला? बसली की अंडं बंद, हा सरळ हिशोब आहे. कडकनाथाचं नाव मध्य प्रदेशातल्या झाबुआमुळे झालं, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण बसण्याच्या बाबतीत ती कच्चीच. कडकनाथ पाळणारे बहुतेक जण तिची अंडी गावठीखाली किंवा यंत्रात घालतात.

गावठी कोंबडी एका खेपेला साधारण बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. २१ दिवस अंड्यांवर, मग दीड-दोन महिने पिल्लांमागे. म्हणून वर्षाला तिची अंडी पन्नास-साठच्या घरात राहतात. लोक म्हणतात गावठी अंडी कमी देते. अहो, ती तिचं काम करत असते, आपण तिच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा धरतो.

माझं ऐकाल तर सिल्कीबिल्की सोडा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे जा आणि विचारा, तुमची कोणती कोंबडी दरवर्षी पिल्लं काढते? तिच्या दोन तलंगा (तरण्या पोरी) मागून घ्या. जात बघू नका, आई बघा.

परसातला पक्षी

मावशींना अनुमोदन. फक्त एक भर. आईइतकाच बापही महत्त्वाचा. बसण्याचा गुण कोंबड्याकडूनही पुढे जातो, तो स्वतः बसत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही इतकंच. गावात सरकारी योजनेतले आऱ्हे कोंबडे (ऱ्होड आयलंड रेड हो, आमच्याकडे आरआयआरचं आऱ्हे झालंय) सोडल्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांत गावठीच्या बसण्यावर पाणी पडलेलं मी आमच्या जुन्नर भागात पाहिलंय. दिसायला गावठी, पण बसायला बोलवा तर पळते. तेव्हा तलंग घेताना त्या घरचा कोंबडाही बघून घ्या.

आता खुडूक का होते याबद्दल. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. ते वाढलं की अंडाशय आवरतं घेतं, छातीची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथली ऊब थेट अंड्याला लागते. घरट्यात साठलेली अंडी छातीला लागत राहणं, अंधारी शांत जागा आणि ऊबदार हवा यांनी हे प्रोलॅक्टिन टिकून राहतं. लेगहॉर्नसारख्या जातीत पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्या कोंबड्या बाजूला काढल्या गेल्या, त्यामुळे ही वाटच जवळपास बुजली. लेगहॉर्न, मिनॉर्का, अँकोना या भूमध्य समुद्राकडच्या सगळ्याच जाती बसण्यात नापास.

उलट बाजूला सिल्की आणि कोचीन. या दोघी चिनी. मग ब्रह्मा, ऑर्पिंग्टन, ससेक्स. ब्रह्माचं नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी ती आपली नव्हे, चिनी पक्ष्यांपासून अमेरिकेत वाढवलेली आहे. आपल्याकडच्यांत असील आणि गावठी. मधल्या पट्ट्यात आऱ्हे, प्लायमाउथ रॉक, ऑस्ट्रोलॉप: एखादी बसते, बाकीच्या नाही.

रानवाटा

मावशी, पक्षी, मनापासून आभार. ऑस्ट्रोलॉप मधल्या पट्ट्यात कशी? माझी तर एकही बसत नाही.

परसातला पक्षी

तिची मजाच आहे. ऑर्पिंग्टन ही इंग्लंडात केंट परगण्यातल्या त्याच नावाच्या गावात विल्यम कुकने १८८६ मध्ये तयार केली. चांगली बसणारी, जड, शांत. ती ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या लोकांनी तिला अंड्यांच्या मागे लावलं. १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली, म्हणजे सरासरी ३०९ च्या वर. तीच ऑस्ट्रोलॉप. घराणं बसणारं, शिक्षण अंडी घालण्याचं. म्हणून क्वचित एखादीत आजीचा गुण उफाळतो. आपल्याकडे उबवणी केंद्रातून येणाऱ्या पक्ष्यांत मात्र त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

परदेशस्थ परस

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, मागच्या अंगणात कोंबड्या आहेत. बफ ऑर्पिंग्टन आणि सिल्की दोन्ही पाळल्यात म्हणून लिहिते.

ऑर्पिंग्टन बसते आणि नीट बसते. आकार मोठा, पिसं भरपूर, त्यामुळे बारा-चौदा अंडी सहज झाकते. सिल्कीचं खुडूक होणं म्हणजे छंद आहे. अंडी असोत नसोत, बसली. रिकाम्या घरट्यात, गोल्फच्या चेंडूवर, एकदा तर माझ्या बागकामाच्या हातमोज्यावर. पण ती लहानखुरी, स्वतःची पाच-सात अंडीच जेमतेम पोटाखाली मावतात, मोठ्या जातीची त्याहून कमी. शिवाय तिची पिसं पिसांसारखी नसतातच, केसांसारखी मऊ आणि सुटी. भिजली की सुकत नाही. दापोलीच्या पावसात तिचं काय होईल याचा विचार करा, बायकोची नजर बरोबर आहे.

आमच्या शहरात कोंबडा पाळायला बंदी आहे. त्यामुळे माझ्या कोंबड्यांची अंडी फळत नाहीत. मग मी खुडूक कोंबडीखाली रात्री एक दिवसाची विकत आणलेली पिल्लं सरकवते. इथे एक दिवसाची पिल्लं टपालाने येतात, १९१८ पासूनची पद्धत आहे! बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन दिवस निभावतं, म्हणून हे जमतं.

देवगडकर

पिल्लां पोस्टान? आमचा मनीऑर्डर येयत नाय वेळेर.

यंत्रयुग

सगळेच कोंबडीच्या बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी सांगली जिल्ह्यात पिल्लं काढून विकतो. गावठीखाली एका वेळी दहा अंडी, त्यातली दोन-तीन वाया. माझ्या साध्या यंत्रात शंभर मावतात. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस धरायचं, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ७० च्या आसपास. यात जादू नाही. वीज जाते तर इन्व्हर्टर लावा. कोंबडी घरट्यातून उठून गेली, साप आला, घुशीने अंडी पळवली, या भानगडी यंत्रात नाहीत.

माणदेशी मावशी

यंत्रयुग, विकायची पिल्लं काढणाऱ्याला यंत्रच लागतं, त्यात वाद नाही. पण यंत्र २१ व्या दिवशी हात झटकतं. पुढे तुमचा बल्ब, तुमचं पातेलं, तुमची झोपमोड. पहिले तीन-चार आठवडे ऊब द्यावी लागते. आई असली की ऊब तिची, खाणं शोधायला शिकवणं तिचं, घार दिसली की वेगळा आवाज काढून पिल्लांना झुडपाखाली पाठवणं तिचं. ज्या माणसाला वर्षाकाठी वीस-पंचवीस पिल्लं हवीत त्याने यंत्र घेऊन काय करायचं?

यंत्रयुग

वीस-पंचवीसला कोंबडी, मान्य. शंभराला नाही.

रानवाटा

मला वीस-तीसच हवीत. घरची अंडी आणि गटारीला थोडे नर, एवढंच.

असील बद्दल कुणी बोललं नाही.

झुंजार

असील माझ्याकडे आहेत (झुंजी लावत नाही, ते गैरकायदेशीर आहे आणि मला ते आवडतही नाही, आधीच सांगून टाकतो). असील कोंबडी बसते आणि आई म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही. मांजर सोडा, आमच्या कुत्र्याने एकदा पिल्लाकडे वळून बघितलं, तेव्हापासून तो खुराड्याच्या बाजूने जात नाही. पण तीन अडचणी. अंडी फारच कमी देते. अंग जड आणि पाय राकट, पातळ कवचाची अंडी फुटतात. आणि पिसं इतकी आवळ की मोठ्या अंगाच्या मानाने झाकते कमी. आठ-नऊच्या वर घालू नये. शिवाय दोन असील आया शेजारी शेजारी बसवल्या तर भांडण ठरलेलं. दुसऱ्या आईचं पिल्लू चुकून जवळ आलं तर टोचून मारते.

गावठी आणि असील यांचा संकर मात्र सुरेख बसतो. आमच्या नांदेडकडे तेलंगणातून असे पक्षी बाजाराला येतात.

नवखी

वेडा प्रश्न असेल. कोंबडा नसेल तर कोंबडी खुडूक बसतच नाही असं आमच्या शेजारचे काका म्हणतात. खरं का? आणि खुडूक झाली हे ओळखायचं कसं?

परसातला पक्षी

काकांना नमस्कार सांगा, पण तसं नाही. बसण्याचा आणि कोंबड्याचा संबंध नाही, पिल्लं निघण्याचा आहे. वरच्या ताईंची सिल्की हातमोज्यावर बसली ते वाचलंत ना.

ओळखायचं सोपं. दिवसभर घरट्यातून हलत नाही. जवळ गेलात की अंग फुगवून चपटी होते, घशातून खर्र करते, टोचते. उठली तर पिसं फुलवून खुड खुड करत फिरते, घाईघाईने खाते, एकदाच मोठ्ठी घाण टाकते (वास लक्षात राहील) आणि परत घरट्यात. रात्री दांडीवर न जाता घरट्यातच राहिली तर समजा. दोन रात्री बघा, मग अंडी घाला. नवी तलंग पहिल्या वर्षी अर्ध्यात उठून जाऊ शकते. दुसऱ्या वर्षाची जास्त भरवशाची.

रानवाटा

म्हणजे ठरलं. शेजारच्या वाडीतल्या एका आजींकडे चौकशी केली, त्यांच्याकडे तीन पिढ्या बसणारी चितकबरी आहे. तिच्या दोन पोरी द्यायला तयार आहेत, बदल्यात हापूसची पेटी. आता त्यांच्याखाली ग्रामप्रियाचीच अंडी घालतो. दोन्हींचा फायदा होईल ना? पिल्लं ग्रामप्रिया, आई गावठी.

माणदेशी मावशी

थांबा थांबा. ग्रामप्रिया हा संकर आहे. तिची अंडी घरच्या कोंबड्याने फळवून उबवलीत तर पिल्लं आईसारखी निघणार नाहीत. एक बरी, एक किडकी, रंग नाना तऱ्हेचे, अंडीही आईइतकी नाहीत. ग्रामप्रिया हवी असेल तर पिल्लं दर वेळी नवीनच आणावी लागतात. त्याऐवजी ऑस्ट्रोलॉपचा नर आणि मादी तुमच्याकडे असतील तर ती अंडी घाला. ती शुद्ध जात आहे, पिल्लं तशीच निघतील. किंवा कडकनाथाची घाला, तीही शुद्ध. फक्त कोंबडे वेगळे ठेवा. जोडी बदलल्यावर आधीच्या कोंबड्याचा अंश कोंबडीत दोन आठवडे राहतो, कधी तीन. तेवढे दिवस जाऊ द्या, मग उबवायला अंडी धरा.

दुसरा मार्ग त्या परदेशातल्या ताईंचा. गावठी खुडूक झाली की आठ-दहा दिवस खोट्या अंड्यांवर बसू द्या आणि मग ग्रामप्रियाची एक दिवसाची पिल्लं आणून रात्री अंधारात पोटाखाली सरकवा. उजाडायच्या आत हजर राहा. जवळ घेतेय की टोचतेय ते बघा. आपल्याकडे खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, पिल्लांची नोंदणी आधी करावी लागते. तुम्हाला कोल्हापूर किंवा खडकी. घाट उतरून यायचंय, तेव्हा संध्याकाळचं आणा.

कोकणकडा

दापोलीकर शेजारी! मंडणगडहून लिहितोय. वेळेचं कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बसवू नका. पेंढा ओला राहतो, अंड्यांना बुरशी धरते, पिल्लं गारठतात. एप्रिल-मेमध्येही उकाड्याने कोंबडी सारखी उठते. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत आपला हंगाम. गावठी नर खाण्याजोगा व्हायला सहा महिने तरी लागतात. गटारीला विकायचा तर पौषात पिल्लू निघालंच पाहिजे. पुढे श्रावण लागला की गिऱ्हाईक नाही आणि दाणा मात्र चालू.

बसवण्याची जागा जमिनीलगत, अंधारी, दारापासून दूर. बांबूच्या हाऱ्यात तळाला थोडी माती, तिच्यावर राख, वर पेंढा. मातीने अंडी मध्यावर गोळा राहतात. पेंढ्यात निगडीचा (निर्गुडीचा) पाला घाला, उवा आणि पिसवा कमी होतात. उवा झाल्या की कितीही खानदानी कोंबडी उठून जाते. दोष मग जातीला देतात लोक! घरात आजी अंड्यांत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायची, विजांनी अंडी बिघडू नयेत म्हणून. मीही ठेवतो. खिळ्याने काही होत असेल असं वाटत नाही, पण आजीला कोण सांगणार.

यंत्रयुग

अंडी साठवण्याबद्दल माझ्याकडून. उबवायची अंडी फ्रिजमध्ये नको. थंड जागी, टोकदार बाजू खाली, तांदळाच्या कोंड्यात. आठवड्याच्या आतली घ्या, दहा दिवसांपुढची नाहीत. धुवू नका. सगळी एकाच दिवशी घाला, रोज एक एक वाढवलंत तर पहिलं पिल्लू निघाल्यावर ती बाकीची सोडून जाईल. आणि पेन्सिलीने खूण करा, दुसरी कोंबडी तिथेच जाऊन ताजं अंडं घालते. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, पिवळसर आरपार दिसलं तर काढून टाका.

(कोंबडीच्या बाजूने बोलायला लागलो की मी!)

नवखी

माझ्या कोंबडीला बसायचंय आणि मला बसवायची नाही. आई म्हणते पाण्यात बुडव. शेजारी नाकात पीस खुपसतात. दोन्ही बघवत नाही.

परसातला पक्षी

दोन्ही करू नका. नाकात पीस हा निव्वळ छळ आहे. पाण्यात बुडवण्यामागची कल्पना छाती गार करण्याची, तेच काम जाळीचा पिंजरा करतो. तळाला जाळी असलेला पिंजरा उजेडात, वाऱ्यावर टांगा किंवा विटांवर ठेवा. खाली पेंढा नको, कोनाडा नको, दाणा-पाणी भरपूर. छातीला वारा लागत राहिला की तीन ते पाच दिवसांत उतरते. जितक्या लवकर कराल तितकं लवकर. आठवडाभर बसू दिलंत तर जास्त वेळ लागेल. आणि घरट्यातली अंडी रोज उचलत जा, साठू दिली की पुन्हा बसेल.

सिल्की आणि पक्की गावठी या उपायाला दाद देतीलच असं नाही. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तोच खेळ.

झुंजार

खूप चांगली बसते म्हणून एका कोंबडीला लागोपाठ तीन-तीन वेळा अंडी देणारे लोक आहेत. पिल्लं निघाली की काढून घ्यायची, खाली नवी अंडी. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाणं अगदी कमी, वजन उतरत जातं. छातीचं हाड हाताला लागायला लागलं की थांबा. बसल्या काळात मका-ज्वारीसारखा कडक दाणा आणि स्वच्छ पाणी घरट्यापासून दोन-तीन पावलांवर ठेवा.

रानवाटा

आजींच्या दोन्ही तलंगा आल्या. एक लाल, एक चितकबरी. चितकबरीने माझ्या ऑस्ट्रोलॉप कोंबड्याला पहिल्याच दिवशी जागा दाखवली. त्या अंड्यावर येईपर्यंत खोटी अंडी करून ठेवावी म्हणतो. लाकडाची चालतील का? आणि लसीचं काय? आजी म्हणतात आमच्या कोंबड्यांना कधीच नाही दिली.

परसातला पक्षी

लाकडाची चालतात, गुळगुळीत गोटेही चालतात. कोंबडीला ऊब द्यायची असते, रंगाची तिला फिकीर नाही.

लस मात्र टाळू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा वाडीत शिरली की बसणारी आणि न बसणारी असा भेद करत नाही. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा डोळ्यात एक थेंब, मग २८ व्या दिवशी पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून घ्या. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी द्या, आजींच्या कळपालाही धरून. लस बर्फातून आणा, थर्मासमध्ये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

माणदेशी मावशी

आणि चितकबरी खुडूक झाली की पहिल्या खेपेला दहाच अंडी घाला. पोट भरून झाकली गेली पाहिजेत, एकही बाहेर डोकावता कामा नये. बाहेरचं गार झालेलं अंडं ती फिरवताना आत घेते आणि आतलं बाहेर काढते, असं करत सगळीच बिघडतात.

देवगडकर

आंब्याची पेटी देऊन कोंबडे घेतलास? आमच्याकडे ये मा, फुकट देतंय. आंबे तेवढे घेवन ये.